आत्याच्या वाटणीचं नाव

काल सकाळी दोरीवर वाळत घातलेल्या झबल्यावर काळी राख पडली, तेव्हा कळलं की कारखाना सुरू झाला. भोंगा आदल्या दिवशीच वाजला असणार, पण टेम्पोच्या घरघरीत मला ऐकू आला नाही. राख मात्र चुकत नाही. चिपाडाची ती राख वाऱ्यावर कुठून कुठे येते, हात लावला की पसरते आणि पांढऱ्या कपड्यावर हट्टाने बसते. मी झबलं झटकलं नाही, फुंकर मारली. झटकायची माझी जुनी सवय. फुंकर मारायला मी गेल्या हंगामात शिकले.

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की शहर संपता संपता डाव्या हाताला माझं दुकान लागतं. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, मागे पेंडीची आणि सरकीची पोती, पुढे मोकळी जागा. हंगाम लागला की त्या जागेत वाढे येऊन पडतात. वाढे म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला. ऊसतोडीच्या टोळीतल्या बाया तो बांधून पेंढ्या करतात, मी त्यांच्याकडून घेते आणि गायी-म्हशीवाल्यांना विकते. सुरुवात डोक्यावरच्या भाऱ्याने केली होती, आता दोन टेम्पो आहेत. त्यातला एक आमचे मालक चालवतात. ते बोलत नाहीत आणि मी थांबत नाही, त्यामुळे संसार बरा चाललाय.

भाव करण्यात मला कुणी हरवलेलं नाही. समोरचा पेंढीला हात लावायच्या आत मी त्याचा चेहरा वाचलेला असतो. घरी गाभण म्हैस आहे आणि बायकोने रिकाम्या हाताने येऊ नका म्हणून सांगितलंय, हे माणसाच्या चालण्यावरून कळतं. घ्यायची वेळ आली की पेंढी बारीक असते, पाला सुकलेला असतो, मधे चिखल असतो. विकायची वेळ आली की तीच पेंढी हिरवीगार होते. राग मला लवकर येतो, आणि आला की समोरच्या टपरीवरचे लोक चहाचे कप खाली ठेवून ऐकतात. कुणाच्या बापाचं खाल्लेलं नाही, त्यामुळे आवाज खाली करायची गरज कधी पडली नाही.

आणि एवढ्या बाईचं नाव बेबी.

लग्नात बदललं नाही, धंद्यात बदललं नाही. बँकेत "बेबी" म्हणून पुकारा झाला की लोक आधी खाली बघतात, एखादं लहान मूल पुढे येईल म्हणून. मग अंबाडा घातलेली, हातावर उसाच्या पात्यांच्या चिरा असलेली ही बाई उठते आणि साहेब मिशीत हसतो. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, "बेबीताई, ते झालं हाक मारायचं. खरं नाव काय तुमचं?" मी म्हणते, "हेच." त्यावर तो "हां हां" करतो. त्या हां हां मध्ये काय असतं ते मला चांगलं कळतं. भावात मी त्याला तिथेच थोडा जास्त कापते.

आमच्यात नाव ठेवायचा मान आत्याचा. बाळ आईने वाढवायचं, बापाने पोसायचं, पण पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं ते बापाच्या बहिणीने. मी जन्मले तेव्हा असाच हंगाम ऐन भरात होता आणि नेमकी आमच्या उसाला तोड आली होती. टोळी शिवारात उतरली की मालकाने बांध सोडायचा नसतो. माझी शेवंताआत्या इंदापूरच्या पलीकडे दिलेली. तिला बारशाला आणायला दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः मुऱ्हाळी म्हणून जायला पाहिजे होतं. सासरी असलेल्या बहिणीला घ्यायला माहेरचा माणूस जातो तो मुऱ्हाळी. दादा गेले नाहीत. त्या बाजूला निघालेल्या एका गाडीवानाकडे त्यांनी निरोप धाडला. आत्याने निरोप ऐकून घेतला, गाडीवानाला गूळपाणी दिलं आणि म्हणाली, "माझ्या भावाला ऊस मोठा झाला व्हय? मग उसालाच सांगा म्हणावं नाव ठेवायला."

ती आली नाही. पाळणा बांधलेला होता, घुगऱ्या शिजलेल्या होत्या. आई म्हणाली, वन्संचा राग उतरू दे, मग घालू बारसं. राग उतरेपर्यंत मी पळायला लागले होते. बाळंतपणाला येणारी नर्सबाई मला बेबी म्हणायची, ते घराने उचललं होतं. शाळेत घालताना मास्तरांनी नाव विचारलं. दादा म्हणाले, "बेबी म्हणतो आमी." मास्तरांनी तेच धरलं.

एवढंच असतं तर मी गिळलं असतं. पण बऱ्याच वर्षांनी माझ्या पाठीवर संतोष झाला. तोही हंगामातच. तेव्हाही आमचा ऊस उभा होता, तेव्हाही टोळी दारात होती. दादांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि बहिणीला आणायला स्वतः गेले. आत्या हसत हसत आली. संतोषच्या कानात नाव सांगून तिने पाठीवर बायकांचे धपाटे खाल्ले. मी घुगऱ्या वाटत होते. हातातलं ताट जड होतं एवढं आठवतं.

पुढे मला दोन मुलगे झाले. त्यांची नावं माझ्या नणंदेने ठेवली, तो तिचा मान होता आणि मी त्यात तोंड घातलं नाही. म्हणजे नाव ठेवायची जागा माझ्या वाटणीला एकच आली, संतोषचं मूल. संतोष भवानीनगरला राहतो, आई त्याच्याकडेच असते. त्याची बायको स्नेहल वालचंदनगरच्या कंपनी क्वार्टरमध्ये वाढलेली, शाळेत शिकवते, हळू बोलते आणि समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ देते. असल्या माणसाशी भांडायचं कसं ते मला अजून जमलेलं नाही. त्यांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. मी कधी बोलून दाखवलं नाही. पण पेंढ्या मोजता मोजता मनात नावं घोळवायची. मोठी, भरदार नावं. पुकारली की हॉलमधल्या लोकांनी मान वर करून बघावं अशी.

गेल्या हंगामात स्नेहलला दिवस भरायच्या आधीच दवाखान्यात न्यावं लागलं. मुलगी झाली. पण डोळे भरून बघू दिली नाही कुणी. बारामतीतल्याच एका दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मी धावत गेले तेव्हा दाराच्या काचेतून लांबून पेटी दिसली. आत काय आहे ते दिसत नव्हतं, नळ्या दिसत होत्या. पेटीवर पट्टी चिकटवलेली होती, इंग्रजीत. तेवढं इंग्रजी मला वाचता येतं, माझं नाव तरी येतंच. बेबी ऑफ स्नेहल.

मी माझं नाव त्या पेटीवर वाचलं आणि दाराची चौकट धरली. आजवर त्या नावाने मला लाज आणली होती, भीती घातली नव्हती.

डॉक्टर बाहेर आले तशी मी आडवी गेले. मला येतो तो एकच धंदा, तो मी तिथेही केला. म्हटलं, "डॉक्टर, खरं काय ते सांगा. कमी-जास्त काय आसंल ते सांगा."

"आत्ता काही सांगता येत नाही, मावशी."

"अंदाज तरी?"

"अंदाज नको. बघत राहायचं."

"बघत ऱ्हायचं म्हंजी किती?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, घाईने नाही. आणि त्या माणसात मला कुठे फटच सापडेना. कुठून दाबायचं, काय सोडायचं, किती ताणायचं, काही कळेना. माझ्याकडे द्यायला पुष्कळ होतं आणि त्यांच्याकडे घेण्यासारखं काही नव्हतं. मी बाकावर जाऊन बसले. शेजारी संतोष बसला होता, चपलेच्या अंगठ्याकडे बघत. त्याच्या लहानपणी मी त्याला मारणाऱ्या पोरांना रस्त्यावर गाठून झोडलं होतं. इथे झोडायला कुणी नव्हतं.

बाहेर हंगाम जोरात होता. त्या दिवसांची माझी आठवण म्हणजे तीन वास, एकामागून एक. सकाळी वाढ्यांचा ओला, गोडसर वास, रस्त्यावर मळीचा आंबूस वास, आणि दवाखान्यात शिरलं की ते सगळं पुसून टाकणारा फिनेलचा वास. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर गाणी लावून दारावरून जायचे. टोळीच्या कोप्यांतून, पाचटाच्या त्या झोपड्यांतून, उघडीनागडी पोरं पळायची, शेंबूड पुसत ऊस चोखायची आणि ठणठणीत असायची. त्यांच्याकडे बघून मला राग यायचा. मग त्या रागाची शरम वाटायची. मग दोन्ही झटकून मी गिऱ्हाइकावर ओरडायची. त्या दिवसांत मी भाव नीट केले नाहीत. लोक म्हणायचे, बेबीताई मऊ पडली. मऊ कसली, माझं लक्षच नव्हतं.

स्नेहलला ऑपरेशननंतर ताप चढला होता, तिला पेटीजवळ सोडत नव्हते. संतोष आत जायचा आणि तसाच बाहेर यायचा. एका दुपारी नर्स बाहेर येऊन म्हणाली, "आत्या कोण आहे? या तुम्ही. हात धुवा, कोपरापर्यंत."

हात धुताना पात्यांच्या चिरांत साबण झोंबला. अंगात हिरवा झगा, डोक्याला टोपी. मी पेटीजवळ गेले. आत माझ्या पंजाएवढं काहीतरी होतं. छाती उडत होती, म्हणजे ते जिवंत होतं. नर्सने पेटीची छोटी खिडकी उघडली. "हात लावू नका. नुसती हाक मारा. तिला घरच्यांचा आवाज कळतो."

"काय हाक मारू?"

"नावाने मारा की."

"नाव ठिवलं न्हाय अजून."

"मग काय म्हणता घरी?"

घरी कुणीच काही म्हणत नव्हतं. कुणाचं धाडस नव्हतं. नाव ठेवलं की जीव आणखी गुंततो, असं सगळ्यांच्याच मनात होतं आणि कुणी ते बोलत नव्हतं. पेटीवरचं एकच नाव समोर होतं आणि ते माझं होतं. स्वतःच्या नावाने मी तिला कशी हाक मारू? चालता ट्रॅक्टर आवाजावर थांबवणारी मी, माझ्या घशातून आवाज निघेना. नर्स वाट बघत होती. शेवटी मी खिडकीशी तोंड नेलं आणि काहीतरी पुटपुटले. त्या पोरीने पाय हलवला. नर्स म्हणाली, "बघा, ऐकलं." मी बाहेर आले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. काय बोलले ते मला त्यानंतर एकदाही आठवलं नाही. आठवावंसं वाटलंही नाही, ती जगली एवढं पुरे होतं.

पोरगी घरी आली. अंग धरलं. थंडी सरत आली तसं बारशाचं ठरणार अशी कुजबुज आईने फोनवर केली आणि मी माझ्या नावांची पोटली उघडली. मनात एक पक्कं होतं. ही जी वाऱ्याने उडून जायला निघालेली पोर आहे, तिला जड नाव पाहिजे. बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात ना, कुंची घालून सजवलेला, तसं. दगडासारखं नाव. ठेवलं की हलणार नाही.

आणि मग दुकानात, वाढे उतरत असताना, फोनवर पत्रिका आली. फुगे, गुलाबी ढग, मधोमध हसणारा चंद्र. खाली लिहिलेलं, आमच्या चिमूचे बारसे.

आमच्या चिमूचे. बारशाच्या आधीच नाव छापून मोकळे. मी फोन वाढ्यांच्या ढिगात फेकला. मग मालकांनी तो काढून, पुसून हातात दिला तसा संतोषला लावला.

"काय रं, नाव तर ठिवून झालं. मग मला काय घुगऱ्या खायला बोलीवतो व्हय?"

"आक्के, तसं न्हाय. मी आज येनारच व्हतो सांगायला..."

"येनार व्हतो! दादानं गाडीवान धाडला, तू फोन धाडला. सुधारणा झाली म्हनायची. आन् चिमू? उद्या पोरगी तहसीलदार झाली तर दारावरच्या पाटीवर काय, चिमू?"

"हूं दे की. तहसीलदार चिमू."

"हसू नगं! न्हायतर तितं यिऊन थोबाड फोडीन."

"आगं पर आक्के, ऐक तरी, ते नाव..."

मी फोन बंद केला. संतोषचं पुरतं ऐकून घेतलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. पण राग आला की मला कान नसतात.

मालकांना म्हटलं, टेम्पो काढा. कुठे म्हणून त्यांनी विचारलं नाही. भवानीनगरला उसाच्या गाड्यांची रांग लागली होती, तिच्या कडेने निघालो. संतोषच्या गल्लीकडे मी बघितलं नाही. वालचंदनगरचा फाटा गेला, इंदापूर गेलं. माझ्या डोक्यात एकच होतं. आत्याने माझ्यासाठी काहीतरी नाव ठरवलं असणारच. ते तिच्याकडेच पडून राहिलं. माझ्या वाटणीचं, न वापरलेलं, कोरं नाव. ते मी तिच्याकडून आणणार आणि या पोरीच्या कानात सांगणार. मला नाही मिळालं तर नाही, तिला तरी लागेल. मग बघू कोण काय छापतंय.

शेवंताआत्या उन्हात बाजेवर बसली होती. पार वाळलेली, पण नजर शाबूत. मला बघून म्हणाली, "कोन? बेबी व्हय? कशी वाट चुकलीस गं?"

"चुकले न्हाय. ईच्यारायला आले. माज्या बारशाला तू आली आसतीस तर काय नाव ठिवनार व्हतीस माजं?"

कोंबड्या पायांत आल्या, त्या तिने हुसकल्या. मालक टेम्पोपाशीच उभे होते.

"आता काय गं ते. किती वरसं झाली."

"तरीबी सांग. मनात कायतरी आसंल की."

"आसंल." तिने डोळे बारीक केले, खरंच शोधत होती. ओठ हलले, थांबले. मग मान हलवली. "न्हाय गं बेबे. त्या दिवशीचा राग तेवढा ध्यानात हाय. गाडीवानाचं तोंडबी ध्यानात हाय. नाव न्हाय."

सबंध जन्म ज्या भांडणाची तयारी केली होती ते समोर बसलं होतं, आणि त्याला दात नव्हते. तिने माझा हात हातात घेतला, चिरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "वाढं लई कापत्यात व्हय गं?"

मी म्हटलं, "व्हय."

येताना मालक इंदापूरच्या अलीकडे चहाला थांबले. कप माझ्या हातात देऊन म्हणाले, "बेबी नाव वाईट न्हाय." वर्षभराचं बोलणं त्यांनी तिथे खर्च केलं. मी चहा प्याले. मला रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. आतमध्ये नुसती रिकामी जागा, पावसाळ्यात माझं दुकान असतं तशी.

बारशाच्या सकाळी संतोष दारात हजर. मोटारसायकल लांब लावून, डोक्याला टोपी घालून, हातात नारळ आणि खण. टोपी दादांची होती. "आक्के, न्यायला आलोय," म्हणाला. वाढ्यांच्या दोन गाड्या उतरायच्या होत्या, टोळीच्या बाया भावासाठी थांबल्या होत्या. मी मालकांकडे बघितलं. ते म्हणाले, "जा." गेले. पण तयारीने गेले. ठरवलं होतं, राजेश्वरी. आणि एकदम राजेश्वरी म्हणायचं नाही. सुरुवात वरून करायची, राजराजेश्वरीपासून. त्यांनी ओढलं की एक राज सोडायचा आणि सोडताना तोंड पाडायचं. त्यांना वाटेल जिंकलो.

स्नेहल आतल्या खोलीत बाळाला काजळ लावत होती. मी बसले, बाळाकडे न बघता. बघितलं की भाव पडतो.

"माज्या मनात राजराजेश्वरी हाय," मी म्हटलं.

"छान आहे नाव," स्नेहल म्हणाली.

मी गांगरले. इतक्या लवकर हो म्हणणारं गिऱ्हाईक धोक्याचं असतं. "मग?"

"अक्का, एक विचारू? पेटीत असताना हिला पहिली हाक कुणी मारली?"

"नर्सनं सांगितलं म्हनून म्याच."

"काय म्हणालात तेव्हा?"

"काय की. आता काय ध्यानात हाय," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता मला बाजेवरची आत्या दिसली. तिचेच शब्द. माझ्या तोंडात.

स्नेहल हसली नाही. "मला नर्सने सांगितलं. तुम्ही म्हणालात, 'ए चिमू, ऊठ की गं. भायेर वाढं वाळत्यात.' माझा ताप उतरल्यावर मला आत सोडलं, तर मलाही काय हाक मारू सुचेना. नर्स म्हणाली, आत्याने चिमू ठेवलंय ना, त्यानेच मारा. मग मी मारली. मग ह्यांनी मारली. ती त्याच नावाला पाय हलवायची, अक्का. आमच्याकडे तेवढं एकच होतं तेव्हा. म्हणून कार्डावर छापलं. आत्याने ठेवलेलं नाव म्हणून छापलं. हे तुम्हाला सांगत होते, तुम्ही फोन ठेवलात."

मी खणाच्या घडीशी चाळा करत राहिले. "ते काय नाव ठिवनं व्हय? ती नुसती हाक व्हती. घाबरून निगालेली."

"तुम्हीच म्हणता ना, वाढ्याच्या धंद्यात कागद नसतो. तोंडातून शब्द गेला की सौदा झाला."

म्हणते. रोज म्हणते. वाढे दुपारपर्यंत टवटवीत, संध्याकाळी वाळून जातात. शब्द फिरवायला वेळच नसतो. मी शेवटचा दाणा टाकून बघितला. "बरं, घरात चिमू ऱ्हाऊ द्या. कागदावर राजेश्वरी. दोन्ही राखू."

स्नेहलने काजळाची डबी बंद केली. "दोन नकोत, अक्का. हिला कुणी कधी विचारायला नको, खरं नाव काय म्हणून."

ती माझ्याकडे बघत नव्हती, बाळाकडे बघत होती. ती मला लावून बोलली का, की तिच्या मनात सहज आलं, ते मला आजही माहीत नाही. विचारायची माझी छाती झाली नाही. मी उठून बाहेर आले आणि पाळण्याची फुलं उगाच नीट केली.

वरवंटा पाळण्यात घातला, काढला. बाळाला पाळण्याच्या खालून दिलं, वरून घेतलं. सगळ्या बायका माझ्या पाठीमागे दाटल्या, बांगड्या वाजल्या. मी वाकले. कानाला तोंड लावलं की आत्या काय सांगते ते दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही. तेवढ्या जागेत आत्याचं राज्य असतं. राजेश्वरी अजून माझ्या जिभेवर होती. म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं? त्या पोरीचा कान एखाद्या पाकळीएवढा, अजून लव असलेला. मी श्वास घेतला तेवढ्यात, मी काही म्हणायच्या आधी, तिने माझ्याकडे मान वळवली. पेटीतल्या आवाजाची वाट बघितल्यासारखी.

माझं काही चाललं नाही.

"चिमू," मी म्हटलं, आणि फुंकर मारली. पाठीवर धपाटे पडले. सगळ्यात जोराचा धपाटा आईचा होता. स्वतःच्या पोरीच्या बारशाला राहिलेला तो हात तिने नातीच्या बारशात वसूल करून घेतला, आणि माझ्या पाठीवर तो बराच वेळ तसाच ठेवला.

आता पुन्हा राख पडायला लागलीय. स्नेहलची शाळा सुरू आहे, आईचे गुडघे धरलेत, म्हणून चिमू काही दिवस माझ्याकडे आहे. पोत्यांना धरून उभी राहते, पाल्यात बसते, पातं हातात घेते. माझं अर्धं लक्ष तिच्या बोटांकडे आणि अर्धं भावाकडे असतं. त्यामुळे भाव पुन्हा बिघडलेत. मला तिची काळजी वाटते ती वेगळीच. मोठी होईल, कॉलेजात जाईल, कुणीतरी मिशीत हसेल, आणि एखाद्या दिवशी ही माझ्या दारात येऊन उभी राहील. विचारेल, आत्या, एवढी नावं होती जगात, मला हेच का ठेवलंस? मी तेव्हा बाजेवर असेन. मला तेव्हा तरी आठवायला हवं. पेटी, फिनेलचा वास, कोरडा घसा आणि तिने हलवलेला पाय. राग विसरला तरी चालेल, हे राहायला हवं. म्हणून लिहून ठेवलं.

आज दुपारी एक नवीन गिऱ्हाईक आलं. बरा माणूस. गाय नुकतीच व्यालेली असणार, डोळ्यांत झोप होती. पेंढ्या चाळता चाळता त्याचं लक्ष पाल्यात बसलेल्या पोरीकडे गेलं.

"कुनाची वो ही?"

"माज्या भावाची."

"नाव काय?"

"चिमू."

"ते झालं हाक मारायचं," तो हसत म्हणाला. "खरं नाव काय?"

समोरच्या टपरीवर कप खाली ठेवल्याचे आवाज आले.

"खरंच हाय त्ये," मी म्हटलं. "तिचं चिमू, माजं बेबी. वाढं घ्यायचं आसंल तर घ्या, न्हायतर फुडं व्हा."

त्याने वाढे घेतले. भाव केला नाही.